डबल स्टिकरांची न्याय्य अदलाबदल

फुटबॉल विश्वचषकाचा स्टिकर अल्बम अर्धा भरायला जेवढी पाकिटे लागतात, त्याच्या दहापट पाकिटे तो पूर्ण भरायला लागतात. २०२२च्या कतार विश्वचषकासाठी पनिनी या इटालियन कंपनीने काढलेल्या अल्बममध्ये ६७० जागा होत्या आणि एका पाकिटात पाच स्टिकर. कुणाशीही अदलाबदल न करता एकट्याने गोळा करत गेले, तर निम्म्या जागा सरासरी ९३ पाकिटांत भरतात. सगळ्या ६७० भरायच्या तर सरासरी साडेनऊशे पाकिटे फोडावी लागतात. मधल्या काळात घरात जो ढीग साचतो, त्याला मुले ‘डबल’ म्हणतात. तोच खेळाडू दुसऱ्यांदा, चौथ्यांदा, सहाव्यांदा आलेला.

पिंपरी-चिंचवड परिसरातल्या वाकड, रावेत, पिंपळे सौदागर, मोशी, चाकण या पट्ट्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या बसमध्ये हे ढीग बाहेर निघतात. एक मूल गठ्ठा धरून एकेक स्टिकर सरकवते आणि समोरचे मूल पाहत म्हणत जाते, ‘आहे, आहे, आहे, नाही!’ या ‘नाही’पाशी व्यवहार सुरू होतो. मोठ्या माणसांना तो पोरखेळ वाटतो. पण वस्तूची किंमत कशाने ठरते, दोघांचाही फायदा कसा होतो आणि न्याय म्हणजे नेमके काय, हे प्रश्न त्यात पुरेपूर असतात. ते नीट समजून घेतले तर अदलाबदल अधिक चांगली होते आणि भांडणेही कमी होतात.

शेवटच्या दहा जागा

आधी डबल इतके का येतात ते पाहू. लूडोचा फासा घ्या आणि एक ते सहा असे सगळे आकडे एकदा तरी पडेपर्यंत टाकत राहा. पहिला टाक नेहमीच नवा आकडा देतो. दुसरा नवा आकडा मिळायला सरासरी १.२ टाक लागतात, तिसऱ्याला दीड, चौथ्याला दोन, पाचव्याला तीन आणि शेवटच्या उरलेल्या एकट्या आकड्यासाठी सहा. बेरीज होते १४.७. म्हणजे सहा आकड्यांसाठी जवळजवळ पंधरा टाक, आणि त्यातले सहा एकाच आकड्यापायी.

अल्बममध्ये हाच हिशेब ६७० बाजूंच्या फाशाने होतो. सगळे स्टिकर सारख्याच संख्येने छापलेत असे धरले, तर एकट्याला सरासरी सुमारे ४,७५० स्टिकर विकत घ्यावे लागतात. त्यातले जवळपास १,९६० केवळ शेवटच्या दहा जागांसाठी. अगदी शेवटचा एक स्टिकर सरासरी १३४ पाकिटांनंतर सापडतो. एका पाकिटातले पाचही स्टिकर वेगवेगळे असले तरी या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. म्हणून ‘अजून थोडीच पाकिटे’ असे म्हणत शेवटच्या टप्प्यात पैसे ओतणारा पालक सगळ्यात महागड्या रस्त्याने चाललेला असतो.

आता दोन मुलांनी आपले डबल एकमेकांना मोकळेपणाने द्यायचे ठरवले तर प्रत्येकाला साधारण ३,१५० स्टिकर पुरतात. दहा जणांचा गट असेल तर प्रत्येकी सुमारे दीड हजार, म्हणजे तीनशे पाकिटे. साडेनऊशेवरून तीनशे! कंपनीने किंमत कमी केलेली नाही, कुणाचे नशीब उघडलेले नाही. एकाच्या ढिगात निकामी पडलेला कागद दुसऱ्याच्या रिकाम्या चौकोनात गेला, एवढेच.

एका भागावाचून सगळे अडते, ही गोष्ट चाकणच्या वाहन कारखान्यांत काम करणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको. २०२१मध्ये जगभर चिपचा तुटवडा झाला तेव्हा बाकी सगळे सुटे भाग हाताशी असूनही गाड्यांचे उत्पादन अडले. जास्तीचे शंभर आरसे एका चिपची जागा भरून काढत नाहीत. अल्बमचेही तसेच आहे. तुमच्याकडे किती आहे यापेक्षा काय नाही, यावर काम अडते.

कंपनी मुद्दाम लपवते का?

प्रत्येक गटात एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘हा एक खेळाडू येतच नाही, कंपनीने मुद्दाम कमी छापलाय.’ अदलाबदलीतली बहुतेक लबाडी या समजुतीच्या आडून होते. ‘हा दुर्मीळ आहे, याचे पाच लागतील,’ असे म्हणणारे मूल खोटे बोलते असे नाही. त्याला ते खरेच वाटत असते.

पुन्हा गणित पाहू. ६७० जागांच्या अल्बमसाठी कुणी बरोबर ६७० स्टिकर घेतले, तर सुमारे २४६ जागा रिकाम्याच राहतात. त्याच वेळी डझनभर स्टिकर चार किंवा त्याहून जास्त वेळा आलेले असतात. सगळे सारखेच छापले, नीट मिसळले, तरीही हेच होणार. योगायोग सारखा पसरत नाही, त्यात गुठळ्या असतात. एका घरात एक खेळाडू पाच वेळा येतो आणि दुसरा एकदाही नाही, एवढ्यावरून छपाईबद्दल काहीच सिद्ध होत नाही. शेजारच्या घरी नेमके उलटे झालेले असते, आणि अदलाबदल जमते ती त्यामुळेच. जिनिव्हा विद्यापीठातल्या सिल्व्हाँ सार्दी आणि इव्हान वेलेनिक या गणितज्ञांनी २०१०च्या विश्वचषकाच्या वेळी हजारो स्टिकर मोजून ही शंका तपासली होती. स्टिकर सारख्याच प्रमाणात येतात, असेच त्यांना आढळले.

मग मेस्सीचा स्टिकर इतका हवाहवासा का? तो कमी छापला म्हणून नव्हे, हातचा सोडायला कुणी तयार नसते म्हणून. डबल आला तरी मुले तो वहीवर, कंपासपेटीवर चिकटवतात. पुरवठा तेवढाच, मागणी जास्त. अल्बमच्या दृष्टीने मात्र मेस्सीचा चौकोन आणि राखीव गोलरक्षकाचा चौकोन यांची किंमत एकच आहे. एक रिकामा राहिला तरी अल्बम अपुरा. म्हणून अल्बममधल्या क्रमांकाच्या स्टिकरांसाठी ‘एकास एक’ हा साधा नियम योग्य ठरतो.

याला अपवाद आहेत आणि ते माहीत असले पाहिजेत. २०२२मध्ये पनिनीने काही पाकिटांत निवडक वीस खेळाडूंचे वेगवेगळ्या रंगांतले जादा स्टिकर टाकले होते. त्या ६७०मध्ये त्यांची गणना नव्हती आणि ते मुद्दाम कमी ठेवलेले होते. क्रिकेट अटॅक्ससारख्या पत्त्यांच्या संचांतही साधे, चंदेरी, सोनेरी असे दर्जे असतात. अशा ठिकाणी दर्जास दर्जा हा नियम लागतो. कमी छापलेली वस्तू आणि आपल्याला न मिळालेली वस्तू यांतला फरक मुलांनी एकदा समजून घेतला की निम्मे वाद मिटतात.

दोघांनाही नफा

अदलाबदलीत एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा, असा समज फार खोल रुजलेला आहे. डबल स्टिकर हे त्याचे सोपे आणि नेमके उत्तर आहे. माझ्याकडचा दुसरा गोलरक्षक माझ्या अल्बमला काहीच देत नाही. तुझ्या अल्बमला तो एक जागा देतो. तुझ्याकडच्या जास्तीच्या बचावपटूचे माझ्या बाबतीत तसेच. अदलाबदल झाली की दोन जागा भरतात आणि कुणाचे काही जात नाही.

अडचण एकच. मला हवे ते तुझ्याकडे असले पाहिजे आणि तुला हवे ते माझ्याकडे, तेही एकाच वेळी. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८७५मध्ये पैशाच्या उपयोगावर लिहिताना वस्तुविनिमयातली ही अडचण नेमकी मांडली. पैसा आला तो ती सोडवायला. स्टिकरांच्या गटात पैसा नसतो, म्हणून तिथे वर्तुळ उपयोगी पडते. रावेतच्या मुलीला हवा असलेला स्टिकर वाकडच्या मुलाकडे आहे, पण वाकडच्या मुलाला हवा तो आहे थेरगावच्या मुलीकडे, आणि थेरगावच्या मुलीला हवा तो रावेतच्या मुलीकडे. दोघादोघांत व्यवहार होऊ शकत नाही. तिघे एकत्र बसले की एका फेरीत तिघांचेही काम होते.

ही कल्पना अर्थशास्त्रात फार पुढे गेली. लॉइड शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी १९७४मध्ये पैशाविना अदलाबदलीचा विचार घरांच्या उदाहरणावरून केला. त्यात डेव्हिड गेल यांनी सुचवलेली युक्ती अशी: प्रत्येकाने आपल्याला सर्वांत हव्या असलेल्या वस्तूच्या मालकाकडे बोट दाखवायचे. बोटांच्या साखळीत कुठेतरी वर्तुळ बनतेच. त्या वर्तुळातल्यांनी अदलाबदल करून बाजूला व्हायचे, उरलेल्यांनी पुन्हा बोट दाखवायचे. याच विचाराचा आधार घेऊन आल्विन रॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूत्रपिंडांच्या अदलाबदलीची व्यवस्था घडवली. पत्नी पतीला मूत्रपिंड द्यायला तयार आहे, पण ते जुळत नाही. दुसऱ्या कुटुंबातही हीच अडचण आहे. मात्र दात्यांनी एकमेकांच्या रुग्णाला दिले तर दोन्ही रुग्णांना जुळते. भारतात मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या २०११च्या दुरुस्तीने अशा अदलाबदलीला जागा करून दिली. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. मूत्रपिंडांच्या अशा शस्त्रक्रिया शक्यतो एकाच वेळी करतात, म्हणजे एका बाजूचे काम झाल्यावर दुसरी बाजू मागे हटू शकत नाही. पार्किंगमधल्या मुलांनीही हा नियम पाळावा: देणे आणि घेणे एकाच क्षणी, दोन्ही हात पुढे करून.

छाप, तिकिटे आणि भाव

महाराष्ट्रात वस्तू जमवून अदलाबदल करण्याची सवय पनिनीच्या आधीपासून आहे. पनिनी बंधूंची कंपनी इटलीतल्या मोडेना शहरात १९६१मध्ये सुरू झाली आणि विश्वचषकाचा तिचा पहिला अल्बम १९७०चा, मेक्सिकोचा. आपल्याकडची मुले त्याही आधी काडेपेटीचे छाप जमवत होती. अंबरनाथला विम्को या काडेपेट्या बनवणाऱ्या कंपनीचा मोठा कारखाना होता आणि शिवकाशीतल्या असंख्य लहान कारखान्यांमुळे छापांत प्रचंड विविधता होती. घरोघर वापरल्या जाणाऱ्या पेटीच्या छापाला भाव कमी, परगावच्या पाहुण्याने आणलेल्या छापाला जास्त. इथे एकास एक चालत नसे, कारण छाप खरोखरच कमीजास्त संख्येने हाती येत.

टपाल तिकिटांत हा फरक आणखी ठळक होतो. १८५२मध्ये मुंबई इलाख्याचा भाग असलेल्या सिंध प्रांतासाठी ‘सिंध डाक’ तिकिटे निघाली. ती आशियातली पहिली चिकटवायची तिकिटे. त्यांतली लाल लाखेच्या चकतीवरची तिकिटे ठिसूळ असल्याने तुटून जात, म्हणून फारच थोडी उरली. अशा तिकिटाच्या बदल्यात एखादे साधे तिकीट देऊन व्यवहार बरोबर झाला असे कुणी म्हणणार नाही. तिकिटांचे संग्राहक संख्येऐवजी सूचीतली किंमत जुळवतात. दातेरी कड शाबूत आहे का, शिक्का किती ठळक आहे, कागद विरला आहे का, हे पाहतात. प्लिमथचे तिकीट-व्यापारी स्टॅन्ली गिबन्स यांनी १८६५मध्ये आपली पहिली किंमतसूची काढली, तेव्हापासून दोन अनोळखी माणसांना समोर ठेवायला एक तिसरा, दोघांना मान्य असा आधार मिळाला.

या व्यवहारात गावाचाही उपयोग होतो. चिंचवडच्या क्रांतिकारक चापेकर बंधूंपैकी दामोदर हरी चापेकर यांच्यावर टपाल खात्याने २०१८मध्ये तिकीट काढले. इथल्या संग्राहकाने अशा स्थानिक आस्थेच्या तिकिटाच्या काही प्रती जास्तीच्या ठेवल्या, तर कोलकाता किंवा कोचीच्या संग्राहकाशी अदलाबदल करायला त्याच्याजवळ मोलाचे काही असते. ज्याच्या दारात जे सहज मिळते ते त्याने दुसऱ्यासाठी राखावे, ही जुन्या संग्राहकांची रीत आहे. स्टिकर जमवणाऱ्यांनीही ती उचलावी.

उशिरा आलेल्या मुलाचे काय?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. एकास एक हा नियम सारख्या टप्प्यावरच्या मुलांसाठी चांगला आहे. पण सगळी मुले एका टप्प्यावर नसतात.

समजा, एका मुलीने हजार स्टिकर घेतले आहेत. तिच्या सुमारे ५१९ जागा भरल्या असतील आणि जवळ ४८१ डबल असतील. तिच्याच इमारतीत नव्याने आलेल्या मुलाने शंभर स्टिकर घेतले आहेत. त्याच्या ९३ जागा भरल्या, डबल फक्त सात. या सातांपैकी तिला उपयोगी पडतील असे एखाद-दोनच. एकास एक काटेकोरपणे पाळले तर दोघांत एक-दोन व्यवहार होऊन थांबतील. तिचे पावणेपाचशे स्टिकर पडून राहतील आणि त्याच्या पावणेसहाशे जागा रिकाम्या. नियम तंतोतंत पाळला गेला, आणि अल्बम कुणाचाच पुढे सरकला नाही.

या पट्ट्यात हा प्रश्न काल्पनिक नाही. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१च्या जनगणनेत दहा लाखांच्या पुढे होती, २०११मध्ये ती सतरा लाखांवर गेली. विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-केरळातून कुटुंबे नोकरीसाठी येतात, वर्षाच्या मध्यावर येतात, आणि त्यांची मुले प्रत्येक खेळात उशिरा दाखल होतात. गटाचे नियम आधी आलेल्यांनी बनवलेले असतात. उशिरा आलेल्यांसाठी वेगळी रीत ठेवली नाही तर अदलाबदलीचा कट्टा हे जुन्यांचे मंडळ बनून राहील.

उपाय दोन. एक म्हणजे उधारी: आत्ता वीस घे, पुढच्या पाकिटांत मला हवे ते आले की दे. वहीत क्रमांक लिहून ठेवायचे. दुसरा उपाय म्हणजे सरळ देऊन टाकणे. गटातल्या कुणालाच नको असलेल्या पाचव्या प्रतीची देणाऱ्याला किंमत शून्य असते, त्यामुळे देण्यात त्याचे काही जात नाही. उलट नव्या मुलाचा अल्बम भरू लागला की ते पाकिटे घेत राहते, त्याच्याकडे नवे डबल येतात आणि एक दिवस जुन्या मुलीचा अडलेला स्टिकर त्याच्याच पाकिटातून निघण्याची शक्यता वाढते. दोघांच्या गटापेक्षा दहाचा गट का स्वस्त पडतो, ते वरच्या आकड्यांत आलेच आहे.

संमती म्हणजे काय

भारतीय करार कायदा १८७२चा. त्यातल्या कलम ११ प्रमाणे अल्पवयीन व्यक्ती करार करू शकत नाही, आणि १९०३मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात अशा व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असल्याचे ठरवले. म्हणजे मुलांच्या अदलाबदलीमागे कायद्याचे बळ नाही. तिथे फक्त शब्द आहे. म्हणूनच तो शब्द जपायला शिकवणे महत्त्वाचे.

त्याच कायद्याचे कलम १४ मुक्त संमतीची व्याख्या करते. बळजबरी, अवाजवी दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा गैरसमज यांमुळे दिलेली संमती ही मुक्त नव्हे. ही पाच कारणे दहा वर्षांच्या मुलालाही समजतात. ‘दे, नाहीतर खेळायला घेणार नाही’ ही बळजबरी. मोठ्या दादाने पहिलीतल्या मुलासमोर हात पुढे करून उभे राहणे हा दबाव. ‘हा दुर्मीळ आहे’ असे माहीत नसताना सांगणे ही चुकीची माहिती. मागची बाजू फाटली आहे हे झाकणे ही फसवणूक. आणि सोनेरी जादा स्टिकर साधा समजून देऊन टाकणे हा गैरसमज. तो लक्षात येताच परत करायला हवा.

यावरून गटाचे थोडे नियम बनवता येतात. प्रत्येकाने दोन याद्या आणाव्यात, ‘हवे’ आणि ‘जास्तीचे’, दोन्हींत फक्त क्रमांक. अदलाबदल झाली की तिथल्या तिथे क्रमांक खोडावा, नाहीतर तोच स्टिकर दोघांना कबूल होतो. कोपरे आणि मागचा कागद आधी दाखवावा. वयात मोठे अंतर असेल तर लहान मुलाला घरी दाखवून यायची मुभा असावी, आणि त्याच संध्याकाळपर्यंत व्यवहार फिरवता यावा. कुणाच्या हातातून ओढून घेतलेला स्टिकर गटात बाद. पैसे मध्ये आणू नयेत, कारण पैसे आले की ज्याच्या घरी खर्चायला जास्त आहे त्याचाच अल्बम आधी भरतो, आणि अदलाबदलीने मिळणारी बरोबरी तिथेच संपते. सोसायटीच्या ग्रुपवर याद्या टाकायच्या असतील तर त्या पालकांनी टाकाव्यात आणि भेट उघड्या, सगळ्यांच्या नजरेतल्या जागी ठेवावी. कारखान्यांच्या पाळ्यांमुळे सगळ्यांचे आईवडील एका वेळी घरी नसतात, म्हणून कुणी एकाने आळीपाळीने बसावे. त्याचे काम न्याय देण्याचे नाही, तर मुले आपसांत बोलून सोडवतात ना, एवढे पाहण्याचे.

२०२२च्या सप्टेंबरात अर्जेंटिनात स्टिकरांचा इतका तुटवडा झाला की सरकारला कंपनी आणि दुकानदार यांची बैठक घ्यावी लागली. पाकिटे मिळत नसतानाही लोकांच्या घरांत डबलचे ढीग होतेच. कुठल्याही शहरात, कुठल्याही वर्षी, हवे असलेले स्टिकर बहुधा जवळपासच कुणाच्या तरी गठ्ठ्यात असतात. ते मिळवायला खूप पैसे लागत नाहीत; याद्या लागतात, खरे बोलणे लागते, आणि उशिरा आलेल्याला सुरुवातीचे वीस-तीस स्टिकर द्यायची तयारी लागते. म्हणून गटाच्या यशाचे मोजमाप पहिला अल्बम कुणाचा भरला यावर करू नये. सगळ्यात शेवटी आलेल्या मुलाच्या अल्बममध्ये दर आठवड्याला किती जागा भरतात ते मोजावे. ती संख्या वाढत असेल तर अदलाबदल न्यायाने चालली आहे.